फ्रान्समध्ये बाइक चालवायची? आधी हातमोजे बघा

परवा वालीव फाट्यावर ओळखीचा एक मुलगा भेटला. कंपनीच्या कामाला फ्रान्सला निघालाय, सुटीत तिथे भाड्याची बाइक घेऊन फिरणार. आंतरराष्ट्रीय परवाना काढून झालाय. "हेल्मेट इथलंच नेतो, दादा," म्हणाला.

तिथेच त्याला थांबवलं!

आपल्याकडे १ जून २०२१ पासून हेल्मेटवर आयएसआय खूण सक्तीची आहे. युरोपात मात्र ईसीई खूण बघतात. आपल्या हेल्मेटवर तीही असेल तरच ते न्या.

फ्रान्समध्ये २० नोव्हेंबर २०१६ पासून सीई खुणेचे हातमोजेही सक्तीचे आहेत, मागे बसणाऱ्यालासुद्धा. नसतील तर दंड ६८ युरो. मला हा नियम मनापासून पटतो. पडताना माणूस आधी हात टेकतो, आणि आपण अहमदाबाद हायवेवर उघड्या हातांनी सुसाट सुटतो!

चमकदार जॅकेटही जवळ हवं. बाइक बंद पडली की ते अंगात घालूनच रस्त्याकडेला उभं राहायचं.

कार घेणार असाल तर जॅकेटसोबत धोक्याचा त्रिकोणही लागतो. जर्मनीत त्यात प्रथमोपचार पेटीची भर. भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच डिकी उघडून हे सगळं तपासा.

तुम्ही कुठल्या देशात गाडी चालवणार आहात? बिनधास्त विचारा, माहीत असेल ते नक्की सांगेन.