‘विक्रांत’ मोडीत निघाली तेव्हा

बंबाला भोक पडलं, पितळी घागर चेपली, की आपण ती मोडीत काढतो. आमच्या पिंपळगाव राजाच्या बायका त्यासाठी खामगावचा बाजार गाठतात. दुकानदार भांडं काट्यावर टाकतो, मोडीचा भाव लावतो आणि तेवढे पैसे नव्या भांड्यातून वजा करतो. मैत्रिणींनो, जहाजाचंही असंच असतं! मालवाहू जहाज साधारण पंचवीस-तीस वर्षं चालतं. मग दुरुस्तीचा खर्च परवडेनासा होतो आणि त्याचा भाव पोलादाच्या वजनावर ठरतो.

आपल्या ‘विक्रांत’चंच पाहा ना. ही विमानवाहू युद्धनौका ४ मार्च १९६१ रोजी नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. पुढे मुंबईत तिचं संग्रहालय झालं. २०१२ पर्यंत लोक ते पाहायला जात. पण एवढं मोठं धूड सांभाळणं जड जाऊ लागलं. २०१४ साली लिलावात सुमारे ६० कोटींना ती विकली गेली. तिला वाचवावं म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. (नावाने दचकू नका, ही दारू तोफांची!) तिचं थोडं पोलाद वापरून २०१६ साली बजाजने ‘व्ही’ मोटरसायकल काढली. तिची धाकटी बहीण शोभावी अशी ‘विराट’ २०२० साली गुजरातेत, भावनगर जिल्ह्यातल्या अलंगला गेली.

अलंगला १९८३ पासून जहाजं मोडतात. तिथे भरती-ओहोटीतला फरक फार मोठा. उधाणाच्या भरतीला जहाज सरळ किनाऱ्यावर चढवतात. ओहोटी लागली की ते चिखलात कोरडं उभं राहतं. आधी टाक्यांतलं तेल काढायचं. आत ज्वालाग्राही वायू राहिला आणि कटरची ठिणगी पडली, तर स्फोटच! म्हणून तपासणी झाल्याशिवाय कटर लावायचा नाही. मग जहाजाचा संसार बाहेर येतो. पलंग, गाद्या, कपाटं, कपबश्या, शेगड्या असं सगळं रस्त्याकडेच्या दुकानांत विकायला बसतं. पाणी कापणारा पंखा तांब्याच्या मिश्रधातूचा, त्याला भाव चांगला. शेवटी गॅस कटरने पोलादाचे तुकडे होतात आणि गिरण्यांत त्यांच्या घरबांधणीच्या सळया निघतात.

वर्गात हे सांगत होते तेव्हा एका मुलीने विचारलं, “बाई, सगळंच विकलं जातं, तर वाया काय जातं?”

प्रश्न नेमका होता. जे विकलं जात नाही तेच घातक असतं. इंजिनघरातल्या नळ्यांवरचं अ‍ॅस्बेस्टॉस, शिशाचा रंग, टाक्यांच्या तळचा तेलाचा गाळ. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ छातीत गेली की दुखणं कित्येक वर्षांनी वर येतं. तोवर ओडिशा-बिहारकडचा तो मजूर आपल्या गावी परतलेला असतो. फ्रान्सची ‘क्लेमॉन्सो’ युद्धनौका अशीच अलंगला निघाली होती. अ‍ॅस्बेस्टॉसवरून ओरड झाली आणि २००६ साली तिला अर्ध्या वाटेतून परत बोलावलं. त्यानंतर २०१९ साली आपल्याकडे जहाज पुनर्वापराचा कायदा झाला आणि हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून जगभर लागू झाला. आता जहाजात कुठे काय घातक आहे, याची यादी आधी द्यावी लागते.

आपल्या घरातूनही भंगार निघतंच. तेव्हा एवढं सांभाळावं:

० सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते फोडू नयेत, करवतीने कापू नयेत. पाणी मारून, नाकाला फडकं नव्हे तर चांगला मास्क लावून अखंड उतरवावेत.

० ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. ती न फोडता द्यावी.

० इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदारालाच परत द्यावी, मोडही मिळते. तिचं अ‍ॅसिड मोरीत ओतू नये.

० फुटकी काच जाड कागदात गुंडाळून, वर तसं लिहून द्यावी.

भंगारवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस जरूर करा, तो आपला हक्कच आहे! पण पोतं त्याच्या हाती देताना आत काय आहे तेही सांगा. जहाजाच्या मालकाला यादी लिहून द्यावी लागते. आपली तोंडी असली तरी चालेल.