लग्न धम्माप्रमाणे झाले, घर कोणाप्रमाणे चालते?

मे महिना संपला की वस्तीतली लग्नसराई ओसरते. पांढरी साडी घडी घालून कपाटात जाते, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा पुन्हा विहारात जातात, मंडपवाल्याचा हिशेब तेवढा बाकी राहतो. बौद्ध पद्धतीचा मंगल परिणय तासाभरात आटोपतो, ही त्याची चांगली बाजू आहे. त्रिसरण, पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार, आशीर्वाद गाथा, की झाले. मुहूर्त नाही, कन्यादान नाही. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कोण ठेवतो? पाण्याचा नळ आला म्हणून पहाटे कोण उठतो? नवऱ्याचा पगार कोणाच्या हातात येतो आणि नव्या सुनेचा पगार कोणाच्या हातात जातो? या प्रश्नांची उत्तरे आपल्या बहुतेक घरांत अजून तीच आहेत, जी 14 ऑक्टोबर 1956 च्या आधी होती.

मुलीला निरोप देताना आई, मावशी, आत्या सगळ्या एकच शब्द सांगतात: "जुळवून घे." मुलाच्या आईने मुलाला असे सांगितल्याचे आम्ही तरी कधी ऐकले नाही. नवे घर, नवी माणसे, नवी चूल, नव्या सवयी हे सगळे तिच्यासाठी, आणि त्याच्यासाठी फक्त एक माणूस वाढले. लग्नानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत जी कुरबुर होते, तिचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. स्वभाव वगैरे नंतर येतो.

गंमत अशी की लग्नात म्हटलेल्या प्रतिज्ञा नेमके उलटे सांगतात. वधूवरांच्या या पाच-पाच प्रतिज्ञा दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तावर आधारलेल्या आहेत. राजगृहातला सिगाल नावाचा गृहपतीचा मुलगा वडिलांच्या सांगण्यावरून रोज पहाटे ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करत असे. तथागतांनी त्याला सांगितले की दिशा म्हणजे माणसे. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी. त्यांच्याशी नीट वागणे हीच दिशांची पूजा. इथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. पतीची पाच कर्तव्ये आधी येतात, पत्नीची त्यानंतर. पतीने पत्नीला मान द्यावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्याकडे सोपवावा आणि तिला अलंकार द्यावेत. हे झाल्यावर ती कामे नीट लावते, माणसे सांभाळते, एकनिष्ठ राहते, मिळवलेले जपते आणि दक्ष असते. म्हणजे जुळवून घेण्याची सुरुवात कोणी करायची, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे.

यातला चौथा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पालीत त्याला इस्सरियवोस्सग्ग म्हणतात. इस्सरिय म्हणजे ऐश्वर्य, मालकी, सत्ता. वोस्सग्ग म्हणजे सोडून देणे. घरावरची आपली सत्ता पतीने सोडायची. वर मुलगा ही प्रतिज्ञा माईकवर सर्वांसमोर म्हणतो, पाहुणे फुले टाकतात आणि घरी गेल्यावर कपाटाची किल्ली जिथे होती तिथेच राहते.

कोणी म्हणेल, अधिकार म्हणजे स्वयंपाकघराचा अधिकार. तसा अर्थ लावणे सोयीचे आहे, कारण त्यात काहीच सोडावे लागत नाही. स्वयंपाकघर तिच्याकडेच होते. आजच्या घरात अधिकार म्हणजे पैसा, वेळ आणि निर्णय. बँकेत किती आहे, कर्ज किती आहे, हप्ता किती जातो, गावी किती पाठवायचे, मूल कधी हवे, तिने नोकरी सोडायची की नाही. यातले तिला काय विचारले जाते आणि काय फक्त सांगितले जाते, ते पाहावे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सगळीच सुत्ते आजच्या मुलीला सोपी वाटतील असे नाही. अंगुत्तरनिकायात उग्गह नावाच्या गृहस्थाच्या मुलींना केलेला उपदेश आहे. त्यात पतीच्या आधी उठावे, नंतर झोपावे, असे येते. काही घरांत सुनेला नेमका एवढाच भाग ऐकवला जातो. तो उपदेश त्या काळच्या श्रीमंत घरात, नोकरचाकरांच्या घरात जाणाऱ्या मुलींना होता आणि त्याच उपदेशात घरात येणारे धन, धान्य, सोने, चांदी तिने सांभाळावे असेही आहे. आधी उठायला सांगायचे असेल तर मग धनही तिच्याकडे द्या. अर्धे सुत्त वाचणाऱ्यांना आमचे एवढेच म्हणणे आहे. आणि आठ तास नोकरी, दोन तास लोकल करून आलेल्या बाईने सर्वांत शेवटी झोपावे, हा धम्म नव्हे.

बाबासाहेबांनी याबाबत संदिग्ध काही ठेवले नाही. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात दलित वर्गातील महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. त्या भाषणात त्यांनी मुलींना सांगितले की लग्नाची घाई करू नका, मुले फार होऊ देऊ नका, आणि लग्न केलेच तर नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभ्या राहा, दासी व्हायला नकार द्या. हिंदू कोड बिल अडवले गेले, हे 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडण्यामागचे एक मोठे कारण होते. ज्या माणसाने बायकांच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडले, त्याच्या प्रतिमेखाली बसून सुनेच्या पगाराचे एटीएम कार्ड सासऱ्याने ठेवून घेणे, हे कसे चालते?

पैशाचा विषय निघालाच आहे तर तो थोडा सविस्तर बघू. नव्या संसारात प्रेमापेक्षा पैशावरून जास्त बोलणे होते आणि ते आधी केलेले बरे. सिगालोवाद सुत्तातच मिळकतीचे चार वाटे सांगितले आहेत. एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा संकटासाठी राखून. महिना 40 हजार येत असतील तर 10 हजारांत घर, 20 हजार कामात, 10 हजार शिल्लक. मुंबई-पुण्यात हे जमणार नाही. घरभाडेच 10 हजारांच्या वर जाते. तेव्हा आकडे जसेच्या तसे घेऊ नका, पण दोन वाटे कामधंद्याला का, याचा विचार करा. कामधंदा म्हणजे आजच्या भाषेत कमाईची ताकद वाढवणे: त्याचा कोर्स, तिची स्पर्धा परीक्षा, शिलाई मशीन, दुकानाचे भांडवल. आपल्या घरांत हा वाटा खर्च होतो तेव्हा तो बहुतेक त्याच्यावरच होतो. तिची अर्धवट राहिलेली बीएड "बघू पुढच्या वर्षी" म्हणून मागे पडते. पुढचे वर्ष आले की बाळ आलेले असते.

आणखी एक. या चार वाट्यांत दानाचा किंवा वर्गणीचा स्वतंत्र वाटा नाही. जयंतीची वर्गणी द्यावी, जरूर द्यावी, पण ती घरखर्चाच्या वाट्यातून आणि दोघांनी ठरवून. बायकोला न विचारता डीजेला पाच हजार देणारा कार्यकर्ता समाजाला देत नाही, घरातून काढतो.

लग्नाच्या कर्जाचे तर विचारूच नका. कोलियांच्या दीघजाणूला तथागतांनी गृहस्थाचा हिशेब सांगताना तराजूचे उदाहरण दिले. आवक आणि जावक दोन्ही पारड्यांकडे नजर हवी. आणि मिळकत थोडी असून उडवणाऱ्याला त्यांनी उंबर खाणाऱ्याची उपमा दिली. चार फळे खायची म्हणून तो अख्खे झाड हलवतो आणि सगळी फळे जमिनीवर पाडतो. एका दिवसाच्या हॉलसाठी तीन वर्षांचे हप्ते म्हणजे तेच. ज्यांचे झाले त्यांचे झाले. आता पहिल्या महिन्यातच एका वहीत दोघांनी मिळून कर्ज, हप्ता आणि व्याज लिहून काढावे. ते कर्ज सुनेला सहा महिन्यांनी कोणा नणंदेच्या तोंडून कळले की जो विश्वास जातो तो लवकर परत येत नाही.

पती-पत्नीतल्या विश्वासाचे सर्वांत सुंदर उदाहरण आम्हाला नकुलमाता आणि नकुलपिता यांचे वाटते. भग्ग देशातल्या सुंसुमारगिरीचे हे जोडपे. नकुलपिता फार आजारी पडला. माझ्यामागे हिचे कसे होणार, ही काळजी त्याला लागली होती. ती त्याला म्हणाली की काळजी घेऊन मरू नका. मला सूत कातता येते, लोकर विंचरता येते, मी मुले वाढवीन, घर चालवीन. मी दुसरे घर करणार नाही. धम्माचा मार्गही सोडणार नाही. नकुलपिता बरा झाला आणि काठी टेकत तथागतांना भेटायला गेला. तथागत त्याला म्हणाले की अशी हितचिंतक, असा उपदेश करणारी पत्नी मिळाली, हा तुझा मोठा लाभ आहे. तिच्या हातात कसब होते म्हणून तिला हे म्हणता आले. पत्नी पतीला उपदेश करते आणि तथागत तिचे कौतुक करतात, हेही विसरू नये.

आता आपल्या चळवळीतल्या मुलांबद्दल. हे लिहिताना आमच्याच माणसांवर बोट ठेवतो आहोत, याची कल्पना आहे. दोघेही कॉलेजात असताना मोर्चात होते, दोघांनीही पथनाट्य केले, तिथेच ओळख झाली, लग्न झाले. वर्षभराने तो अजून बैठकांना येतो. ती येत नाही. विचारले की "घरी बिझी असते." रात्री अकराला चार कार्यकर्ते घेऊन तो घरी येतो, स्त्रीमुक्तीवर चर्चा होते आणि चहा आतून येतो. अशा किमान तीन घरांत आम्हीही तो चहा प्यायलो आहोत आणि उठून कप विसळलेला नाही. ज्या संघटनेला एक कार्यकर्ता मिळवताना दुसरी गमवावी लागते, तिच्या पदाधिकाऱ्यांनी निदान बैठकीची वेळ बदलून पाहावी. आठवड्यातून दोन रात्री त्याने घर सांभाळावे आणि तिने बैठकीला यावे. पोळ्या जाड झाल्या तरी बिघडत नाही.

सासूशी होणारा वाद आपल्या घरांत आणखी एका कारणाने होतो. धम्मदीक्षेला इतकी वर्षे झाली तरी एखाद्या घरात कपाटाच्या वरच्या खणात कुलदैवताचा टाक असतो, नवे जोडपे जेजुरीला न्यायचा हट्ट असतो. बावीस प्रतिज्ञा मनापासून मानणारी सून अशा वेळी कात्रीत सापडते. तिने नकार द्यावा, असेच आमचे मत आहे. पण हा नकार मुलाच्या तोंडून यायला हवा. घर त्याचे, आई त्याची. "हिला आवडत नाही" असे म्हणून तो बाजूला झाला की सासू-सुनेचे वैर सुरू होते आणि धम्म उगाच बदनाम होतो. म्हातारीचा टाक हिसकावून घेऊ नये. तिच्या आयुष्यात तोच आधार होता. तिला सोबत विहारात न्यावे, पौर्णिमेला वंदनेत बसवावे. वेळ लागतो.

कागदांचे थोडक्यात. भिक्खू किंवा बौद्धाचार्यांनी दिलेले प्रमाणपत्र हा विवाहाचा पुरावा आहे, सरकारी नोंदणी नव्हे. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याखाली महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी करावी लागते आणि ती 90 दिवसांच्या आत केलेली बरी. 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू होतो. ज्यांना ते नाव खटकते त्यांना 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करता येते, त्यासाठी 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. स्वतः बाबासाहेबांनी 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीनेच विवाह केला होता. आणि मुलींनो, नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. जातीचे प्रमाणपत्र जन्माने, वडिलांकडच्या कागदांवरून मिळते. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे असे झाले की पडताळणीच्या वेळी कोणाला पळावे लागते ते आपण पाहतोच. नाव बदलायचेच असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करून सगळे कागद एकदम बदला, नाहीतर आहे ते राहू द्या.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होईल. विहाराविहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होईल. या वर्षी लग्न झालेल्या जोडप्यांना विहार समितीने खास निरोप पाठवावा आणि दोघांनी आलटून पालटून एकेक प्रकरण वाचावे. फक्त वाचनाची वेळ ठरवताना वस्तीतल्या चार सुनांना विचारून घ्यावे. संध्याकाळी साडेसात ही वेळ ज्यांनी ठरवली, त्यांच्या घरी त्या वेळी पोळ्या कोण करते, हे एकदा समितीच्या बैठकीत विचारायला हरकत नाही.