कुंभारणीचं गाडगं

थांब गं, झाडू खाली ठेव. दिवाळीची साफसफाई कबूल, पण चौकटीवरचं ते सुपारीएवढं मातीचं गाडगं खरवडू नकोस. दाजीबानपेठेत तुळजाभवानीच्या देवळाजवळ हातभर जागा मिळवायची तर माणसं हात टेकतात, आणि या बाईनं फुकटात घर बांधलंय!

ही कुंभारीण. गांधीलमाशीच्या कुळातली, पण एकटीच राहते. ना राणी, ना पोळं. पोटात पाणी भरून आणते, कोरड्या मातीवर सोडते, जबड्यानं मळून गोळी करते आणि एकेक गोळी लावत भिंत चढवते. चाक नाही, भट्टी नाही, तरी गाडग्याला मान येते, वर ओठही येतो.

मग आतल्या छताला बारीक तंतूनं एक अंडं टांगते आणि खाली अळ्या भरते. अळ्या मारत नाही हं, डंख करून लुळ्या पाडते. मेलेली अळी सडली असती. थोडी वळवळ मात्र उरते, म्हणून अंडं वर, चिरडायला नको. मादीच्या अंड्याला अळ्या जास्त, नराच्या अंड्याला कमी, कारण मादी अंगानं मोठी. मुलीच्या पानात जास्त वाढणारं घर आपल्या पेठेत तरी मी पाहिलं नाही.

जुनी माणसं सांगत, अळी कुंभारणीचा एवढा ध्यास घेते की शेवटी तीच कुंभारीण होऊन बाहेर पडते. गोष्ट गोड आहे. अळीला विचारलं तर ती वेगळं सांगेल.

पण हिला फार शहाणी समजू नकोस. फ्रान्समध्ये जाँ आंरी फाब्र (१८२३–१९१५) म्हणून एक मास्तर होते. हिची चुलतबहीण मातीच्या खोल्यांत कोळी साठवते. मास्तरांनी तिच्या खोलीतला कोळी अंड्यासकट काढून घेतला. तिनं दुसरा आणला. तोही काढला. ती आणत राहिली, ते काढत राहिले, आणि शेवटी तिनं रिकाम्या खोलीचंच तोंड लिंपून टाकलं!

आपल्या कुंभारणीला तिचं पिल्लू दिसतं का? नाही. गाडगं बंद केलं की ती निघाली. पिल्लू अळ्या संपवतं, कोश करतं, पंख फुटले की भिंत पोखरून बाहेर येतं.

आणि ती चकचकीत हिरवी-निळी माशी घुटमळतेय, दिसली? चोर आहे. कोकिळेसारखं परक्याच्या घरात अंडं घालते. हलू नकोस, मी चष्मा आणतो.