विजेची गाडी : घड्याळ पाहून चार्ज करा

गटात फिरताना आम्हांला हल्ली लागणीच्या जोडीने विजेच्या गाडीबद्दलही विचारणा होते. गाडी घरी चार्ज करायची तर आधी वेळ पाहावी.

विलायतेत रात्री मागणी कमी, म्हणून १९७८ साली तिथे रात्रीच्या सात तासांचा स्वस्त दर सुरू झाला. तिकडे गाड्या मध्यरात्रीनंतर चार्ज होतात. आपल्याकडे उलटे. दिवसा सौर वीज भरपूर. म्हणून महावितरणने जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर केली. म्हणजे २० युनिटला १६ रुपये वाचले. नोकरदाराची गाडी त्या वेळी कचेरीपुढे, आपली दारात! चालू दर मात्र बिलावर पाहून घ्यावा.

चार्जिंगसाठी स्वतंत्र पॉइंट व पक्के अर्थिंग करून घ्या. आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी मुळीच लावू नका. वीज कायदा २००३, कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो व आकारणी दुप्पट दराने होते. सोळा रुपये वाचवताना पंपाचे कनेक्शन अडचणीत आले, तर उभ्या उसाला पाणी कुठून देणार?