कालव्यावरचे घर

कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाटाचे पाणी येते. खडकवासल्याहून निघालेला मुठा कालवा पुणेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. त्याच्या पाण्यावर ऊस झाला, बागा झाल्या. पण त्यातून कोणी माल वाहिला नाही. इंग्लंडचा कालवा याच्या अगदी उलट. तो शेतासाठी नव्हे, वाहतुकीसाठी खणलेला. तो पाण्याचा रस्ताच होय. या रस्त्यावर जी अरुंद नाव चालते तिला तिकडे ‘नॅरोबोट’ म्हणतात. तिच्याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

काही वर्षांपूर्वी वाहतूक कामगारांच्या एका बैठकीच्या निमित्ताने आम्हांला इंग्लंडला जाण्याचा योग आला. तेथे एका निवृत्त बसचालकाची ओळख झाली. तो व त्याची बायको नावेतच राहत. त्यांच्याकडे आम्ही आठवडाभर मुक्काम केला. गेलो पाहुणे म्हणून, आणि दुसऱ्याच दिवशी हातात दोर घेऊन मजूर झालो! या विषयाचे आमचे पुस्तकाबाहेरचे शिक्षण तेवढेच.

प्रथम इतिहास. १७६१ मध्ये वर्स्ली येथील खाणींपासून मँचेस्टरकडे जाणारा ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला. त्याच्या बांधणीत ज्याचे नाव गाजले तो जेम्स ब्रिंडली हा मूळचा गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर. कालवा झाल्यावर मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. याचे कारण सोपे आहे. त्या काळच्या खराब रस्त्यावर एक घोडा फार तर टन-दोन टन माल ओढी. तोच घोडा काठाने चालत नावेतला पंचवीस टन माल ओढू लागला. पुढे मध्य इंग्लंडच्या चढउतारांच्या प्रदेशात कालवे नेताना नावा वर चढविण्यासाठी ‘लॉक’ बांधावे लागले. खर्च व पाणी वाचावे म्हणून ते सुमारे ७ फूट रुंद व ७२ फूट लांब ठेवले. त्या मापाने नावेचे माप ठरले. आजही ही नाव ६ फूट १० इंचांहून फारशी रुंद नसते. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत जाते.

मग रेल्वे आली. मालाचे दर पडले आणि त्या पडझडीचा भार नेहमीप्रमाणे कामगाराच्या खांद्यावर आला. काठावरच्या घराचे भाडे परवडेना, मदतनिसाचा पगार परवडेना. तेव्हा नावाड्याने बायकामुले नावेवर आणली. मालाच्या मागे जेमतेम १० फूट लांबीची खोली. तीत चूल, बिछाना, कपाट आणि सारा संसार. त्या खोल्यांवर रंगविलेले गुलाब व किल्ले आज पर्यटक कौतुकाने पाहतात. ते गुलाब सुंदर आहेत यात शंका नाही. पण त्या गुलाबांच्या आड जी मुले वाढली, त्यांतील पुष्कळांना अक्षर ओळखता येत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. नाव आज येथे तर उद्या तेथे; शाळा कोठली?

लहानपणी स्वतः वीटभट्टीवर राबलेल्या कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने या मुलांसाठी चळवळ केली. तिच्यातून १८७७ व १८८४ चे कायदे झाले. नावेची नोंदणी, खोलीत किती माणसांनी राहावे याची मर्यादा, तपासणी, मुलांच्या शिक्षणाची तरतूद, हे सारे कागदावर आले. पण शाळा एका जागी आणि पोट चालत्या नावेवर, हा पेच कायद्याने सुटला नाही. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या बीडकडील कुटुंबांची मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

नाव बांधून ठेवणे हेही एक हत्यार होऊ शकते, हे या लोकांनी १९२३ मध्ये दाखविले. मजुरी कापल्यावर नावाड्यांनी ब्रॉन्स्टन येथे भरलेल्या नावा काठाला लावल्या आणि त्या हलविण्यास नकार दिला. संप तीन महिन्यांवर चालला. गिरणीला फाटक असते, तेथे निदर्शने करता येतात; यांची गिरणीच तरंगती. तरी संघटना झाली. आम्ही त्या ब्रॉन्स्टनच्या काठावर उभे राहिलो तेव्हा, खरे सांगतो, तीर्थाला आल्यासारखे वाटले.

१९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारी मालकीचे झाले. पुढे १९६२-६३ च्या हिवाळ्यात ते आठवडेच्या आठवडे गोठून पडले, आणि अरुंद नावांची आधीच खंगलेली मालवाहतूक त्यानंतर जवळजवळ संपली. मात्र कालवे बुजले नाहीत, याचे श्रेय चळवळीला आहे. टॉम रोल्ट या एंजिनियराने १९३९ मध्ये बॅन्बरीच्या टूली यांच्या कारखान्यात ‘क्रेसी’ नावाची जुनी नाव राहण्याजोगी करून घेतली, तीतून प्रवास केला आणि १९४४ मध्ये ‘नॅरो बोट’ हे पुस्तक लिहिले. १९४६ मध्ये कालवे वाचविण्यासाठी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. एका नावेच्या डागडुजीतून एवढे निघाले!

आता ही डागडुजी कशी करतात ते पाहू. जुन्या नावा लाकडी वा लोखंडी. आजच्या बहुधा पोलादी. तळाचा पत्रा साधारण १० मिलिमीटर, बाजूंचा ६ व छपराचा ४. जुनी नाव घेणाऱ्याने आधी आतली लाकूडकारागिरी पाहून भुलू नये. नाव पाण्याबाहेर किंवा सुक्या गोदीत घेऊन पत्र्याची जाडी यंत्राने मोजतात. पत्रा फार झिजला असेल तर वरून दुसरा जोडावा लागतो. दोन-तीन वर्षांनी बाहेरून डांबरी लेप द्यावा लागतो. शिवाय मॅग्नेशियमचे ठोकळे तळाच्या बाजूंना जोडतात. गंज पोलादाला खाण्याऐवजी आधी त्या ठोकळ्यांना खातो.

आत घर थाटताना वजनाचा हिशेब मुख्य. जमिनीच्या फळ्यांखाली विटा किंवा फरश्या रचून नाव खाली बसवितात. नाही तर ती डोलते व पुलाखाली छप्पर अडते. शेगडी डावीकडे हलविली तर तेवढे वजन उजवीकडे द्यावे लागते. आमच्या यजमानाने पुस्तकांचे कपाट हलविले आणि महिनाभर त्यांचा चहा कपात तिरका राहिला! शेगडीची मात्र थट्टा नको. थंडी लागते म्हणून हवेची भोके बुजविली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. म्हणून २०१९ पासून खाजगी नावांवरही त्याची सूचना देणारी घंटा सक्तीची झाली. सुरक्षिततेची तपासणी दर ४ वर्षांनी होते.

नाव चालविणे हे घाईच्या माणसाचे काम नव्हे. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल. बांधलेल्या नावांजवळून त्याहूनही हळू, नाही तर लाटेने त्यांच्या मेखा उपटतात. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते. ती वळते मध्यावर. म्हणून नाळ वळली की मागची बाजू उलट दिशेला फेकली जाते. ब्रेक नाही, एंजिन उलटे फिरविणे एवढाच उपाय.

हिलमॉर्टनला आम्ही लॉक चालविले. लॉक म्हणजे दोन टोकांना दारे असलेला हौद. खाली उतरताना हौद भरलेला असतो. नाव आत घ्यावयाची, वरचे दार लावावयाचे आणि लोखंडी हँडलने खालची झडप उचलून पाणी सोडावयाचे. हौदात माणूस पंप लावीत नाही. पाणी स्वतःच्या वजनाने जाते व नाव त्याबरोबर उतरते. एका वेळी लाखाहून अधिक लिटर पाणी खाली जाते. धोका एकच, पण मोठा. वरच्या दाराखाली दगडी उंबरठा असतो. नावेचा मागचा भाग त्यावर राहिला आणि पाणी उतरले, तर मागची बाजू टांगते आणि पुढची बुडते. म्हणून बाईंनी आम्हांला झडपेपाशी उभे केले आणि बजावले, “नावेकडे बघा, देखाव्याकडे नको. मी ओरडले तर आधी झडप पाडा, मग विचारा.” कारखान्यातल्या सुरक्षिततेवर आम्ही पुष्कळ भाषणे केली आहेत, पण याहून थोडक्यात ती कधी सांगितली नाही.

शेवटी नाव बांधणे. काठावर दोन मेखा ठोकावयाच्या, पुढचा दोर पुढे व मागचा मागे असा तिरपा न्यावयाचा. फार ताणू नये. पाणी उतरले तर नाव दोरावर लटकेल. छपराच्या मध्यावरचा दोर काठाला येताना कामाचा, मुक्कामाला नव्हे. दुसरी नाव जवळून गेली की त्यामुळे आपली नाव कलते.

पण दोराची गाठ सोपी, कायद्याची अवघड. ज्याला स्वतःची कायमची जागा आहे तो भाडे भरून राहतो. ज्याला ती नाही त्याच्यासाठी १९९५ चा कायदा सांगतो की, नाव खरोखर प्रवासासाठी वापरली पाहिजे आणि एका जागी सलग १४ दिवसांहून जास्त राहू नये. अडचण योग्य असेल तरच अधिक. किती दूर जावे हे मात्र कायद्यात लिहिलेले नाही. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील सुमारे २००० मैलांचे जलमार्ग एका विश्वस्त संस्थेकडे आहेत. ती आणि नावेत राहणारे यांचा वाद येथेच होतो. संस्थेचेही खोटे नाही: सर्वांनीच जागा धरल्या तर रस्ता बंद. पण घरभाडे परवडत नाही म्हणून जो नावेत आला, ज्याची नोकरी एका गावी आणि मुलाची शाळा त्याच गावी, त्याने दर पंधरवड्याला घर उचलून कोठे न्यावे? दीडशे वर्षांपूर्वी नाव चालली नाही तर पोट चालत नव्हते. आज नाव थांबली तर परवाना धोक्यात. शाळेचा प्रश्न तेथेच आहे.

निघताना यजमानाने आम्हांला एक दोर सोडावयास दिला. मेख काढली, दोर गुंडाळला, आणि घर हळूच काठापासून सुटले. ते दृश्य मोहक होते, नाही म्हणवत नाही. परंतु घर हलविता येणे हे सुख आहे, ते केव्हा? थांबण्याचा हक्कही हातात असेल तेव्हा. तो नसेल तर नाव काय, आणि पालावरची झोपडी काय, दोन्ही सारखीच.