फणसाडची मृगया

संस्कृतातील ‘मृग्’ या धातूचा अर्थ शोधणे असा आहे. मृगया हा शब्द त्याच कुळातला. परंतु शोधाचा शेवट बाणाने होत असल्यामुळे त्यास रक्ताचा वास चिकटला. रायगड जिल्ह्यात मुरूड व रोहे या तालुक्यांत पसरलेल्या फणसाडच्या अरण्यात तो शब्द पुनः आपल्या धात्वर्थाकडे वळला आहे. हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबांच्या शिकारीसाठी राखलेले होते. संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि १९८६ साली येथे अभयारण्य स्थापन झाले. क्षेत्र फार मोठे नाही. सत्तर चौरस किलोमीटरांच्या आसपास, इतकेच.

विषुववृत्ताकडील पर्जन्यवनांत बारा महिने पाऊस असतो. आपल्याकडे चार महिन्यांत धो धो कोसळून मग आठ महिने आकाश कोरडे. त्यामुळे येथे अंजनी, जांभूळ यांसारख्या नित्य हिरव्या वृक्षांशेजारीच पाने गाळणारे ऐन व किंजळ उभे असतात. गारंबीचा प्रचंड वेल या झाडावरून त्या झाडावर चढत जातो. त्याच्या शेंगा हातभराहूनही लांब. बिया ओढ्यावाटे समुद्रात गेल्या, तर तरंगत दूरच्या किनाऱ्यास लागतात.

अशा रानात स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून हिंडणे व्यर्थ होय. आम्ही घरची सात माणसे गेलो होतो, तेव्हा जवळच्याच गावचा एक वाटाड्या बरोबर घेतला. पहिल्या फर्लांगभरातच तो थांबून मजला हळूच म्हणाला, “गुरुजी, पाचोळा फार वाजतोय. पाय उचलून टाका.” चाळीस वर्षे वर्गास ‘गप्प बसा’ म्हणणाऱ्यास ही आज्ञा ऐकावी लागली, याची नातवंडांना कोण मौज वाटली! थोड्या वेळाने दरीतून कुत्रे भुंकल्यासारखा आवाज आला. तो भेकराचा होता. भेकर असे वारंवार भुंकू लागले आणि वरून वानरांनीही खाकरून साथ दिली, तर बिबळ्या फिरत असण्याचा संभव असतो, असे त्याने सांगितले. बिबळ्या आम्हांस दिसला नाही. प्रवेशशुल्क भरले म्हणून त्याने येऊन दर्शन द्यावे, असा काही करार नसतो; परंतु कित्येक मंडळी तसाच हट्ट धरून येतात, मोठ्याने बोलतात, आणि रान रिकामे आहे म्हणून वाटाड्यावर रागावतात.

दिसले ते शेकरू. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार; पाठ तांबूस-तपकिरी, पोट पिवळसर पांढरे, शेपूट झुबकेदार. ते एकच घर बांधून स्वस्थ बसत नाही; बारीक फांद्यांच्या बेचक्यांत काटक्यापानांची अनेक घरटी करते. वीस फुटांची उडी त्यास सहज साधते आणि जमिनीवर ते क्वचितच उतरते. म्हणजे त्याचा सगळा राजमार्ग फांदीस फांदी लागलेल्या छतावरून जातो. सरपणासाठी वा रस्त्यासाठी मधली चार झाडे तोडली, की हा मार्ग तुटतो. मग त्यास खाली उतरावे लागते व कुत्री त्याचा जीव घेऊ शकतात. वरून पाहणाऱ्यास अरण्य हिरवेगारच दिसत राहते. कोणते झाड कोणास जोडते, हे वाटाड्यास ठाऊक होते. त्याने दोन ऐनांच्या मधला एक वाकडा किंजळ दाखविला. त्यावरूनच शेकरू पलीकडे गेले. इमारतीस निरुपयोगी असले वाकडे झाड प्रथम तोडले जाते, असे तो म्हणाला.

ही विद्या छापील पुस्तकात मिळणे कठीण. ती बाळगणारास पाहुण्यांकडून रोजगार मिळाला, तर त्याच्या मुलासही ती शिकावीशी वाटेल. तेव्हा त्याच्या मोबदल्यात घासाघीस करणाऱ्या सुशिक्षितांचे मला नवल वाटते.

जाणे ते पावसाळा सरल्यावर, पहाटे, मळकट रंगाचे कपडे घालून; तान्ही मुले शक्यतो घरी ठेवावी. उन्हाळ्यात ओढे आटले, की जनावरे उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. आपल्या अभयारण्यांत वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसून त्यांची नोंद करण्याचा प्रघात आहे. चांदणे असल्यामुळे दिवा लागत नाही. मचाण शिकाऱ्यांच्याच पद्धतीचे. वर बसणाराजवळ मात्र एक वही व पेन्सिल असते.