प्रकारांची वीण – लेखांक ६ : नक्षी एक, माग दोन

एका गणनेचे फलित पुढच्या गणनेच्या हाती कसे सोपवावे याचा नियम म्हणजे मोनॅड, हे मागील लेखांकात पाहिले. हॅस्केल भाषेत गणना कोणत्या मोनॅडमधील आहे हे तिच्या प्रकारातच, म्हणजे तिच्या स्वरूपाच्या लिखित वर्णनातच, नोंदलेले असते. या काटेकोरपणातून ग्रंथालयकारापुढे, म्हणजे इतरांना वापरता येतील अशा फलनांचा संच रचणाऱ्यापुढे, जी अडचण उभी राहते तिचा आणि तिच्या उकलीचा विचार प्रस्तुत लेखांकात करावयाचा आहे.

ही अडचण दोन मोनॅडांभोवती फिरते. 'आयओ' या मोनॅडमधील गणना बाह्य जगाशी व्यवहार करते. ती फाइल वाचते, पडद्यावर लिहिते, यंत्राला आज्ञा देते. 'एसटी' मोनॅडमधील गणनाही स्मृतीतील कप्प्यांत फेरफार करते, परंतु ते कप्पे तिचे खाजगी असतात आणि काम संपताच 'रनएसटी' या फलनाद्वारे त्यांतून केवळ अंतिम मूल्य बाहेर येते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला ती शुद्ध गणनाच वाटते. जॉन लाँचबरी आणि सायमन पेटन जोन्स यांनी १९९४ साली मांडलेल्या या योजनेत प्रत्येक अवस्था-धाग्याला, म्हणजे स्वतःच्या खाजगी कप्प्यांसह चालणाऱ्या प्रत्येक गणनेला, प्रकाराच्या पातळीवर एक खूण दिलेली असते. 'रनएसटी' अशीच गणना स्वीकारते जी कोणत्याही खुणेसाठी वैध असेल, आणि म्हणूनच एका धाग्यातील कप्पा त्याबाहेर निसटू शकत नाही.

समजा, चादरीच्या नक्षीचा चौकटींचा तक्ता जागच्या जागी उलटवून तिचे आरशातील प्रतिबिंब काढणारे फलन लिहावयाचे आहे. नक्षीची चाचणी घेणाऱ्याला ते शुद्ध गणनेत, म्हणजे एसटीमध्ये, हवे असते, तर तोच तक्ता इलेक्ट्रॉनिक जॅकार्डकडे, म्हणजे नक्षीनुसार धागे उचलणाऱ्या मागावरील यंत्रणेकडे, पाठवणाऱ्याला ते आयओमध्ये हवे असते. उलटवण्याची कृती दोन्हीकडे अक्षरशः सारखीच असूनही ती दोनदा लिहिली, तर एकीकडे दुरुस्त केलेली चूक दुसरीकडे तशीच राहण्याचा धोका कायम राहतो.

या अडचणीचे उत्तर कोणत्या दिशेला आहे, हे भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापुरी चादरीच्या मागावरच दिसते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकार याने सिद्ध केलेल्या 'जॅकार्ड' यंत्रणेत नक्षी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत साठवलेली असते, आणि बाणाचा धागा टाकण्यापूर्वी ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे हे त्या छिद्रांवरून ठरते. धागे उचलणारी शक्ती हातमागावरील विणकराच्या पायाची असो वा यंत्रमागाच्या विजेची, पुठ्ठ्याला तिच्याशी कर्तव्य नसते. धागे उचलणाऱ्या आकड्यांची संख्या व मांडणी जुळली की त्याची अपेक्षा पूर्ण होते.

रोमन लेश्चिन्स्की यांच्या 'प्रिमिटिव्ह' या ग्रंथालयातील 'प्रिममोनॅड' हा प्रकारवर्ग हेच तत्त्व अमलात आणतो. प्रकारवर्ग म्हणजे एखाद्या प्रकाराने कोणत्या क्रिया पुरवल्या पाहिजेत याचा करार. ग्लासगो हॅस्केल संकलकाच्या अंतर्भागात एसटी आणि आयओ यांची घडण एकच आहे: दोन्ही गणना अवस्थेचे एक चिन्ह घेतात आणि नवे चिन्ह व फलित परत देतात. भेद एवढाच की एसटीमध्ये ते चिन्ह कोणत्याही धाग्याचे असू शकते, तर आयओमध्ये त्यावर 'रिअलवर्ल्ड' म्हणजे वास्तव जग अशी ठरलेली खूण असते. प्रिममोनॅड या समान घडणीलाच कराराचे रूप देतो आणि प्रत्येक मोनॅडशी त्याची खूण जोडतो. त्यामुळे उलटवण्याचे फलन 'प्रिममोनॅड असलेल्या कोणत्याही मोनॅडसाठी' एकदाच लिहिता येते. 'व्हेक्टर' ग्रंथालयातील बदलता येणाऱ्या रांगांच्या क्रिया याच आधारावर उभ्या आहेत.

त्याऐवजी ग्रंथालयकाराने 'मोनॅडआयओ' हा प्रकारवर्ग मागितला, तर कोणतीही आयओ गणना सामावून घेण्याची क्षमता तो मागून बसतो; ती एसटीपाशी नसल्याने शुद्ध गणनेची वाट बंद होते. उलट केवळ एसटीवर थांबल्यास आयओचा वापर करणाऱ्याला 'एसटीटूआयओ' या फलनाने रूपांतर करावे लागते, आणि आयओवर अवस्था सांभाळणाऱ्या दुसऱ्या मोनॅडचा थर चढवला असेल तर प्रत्येक हाक त्या थरातून वर उचलावी लागते. प्रिममोनॅडचा करार असे थरही पाळतात, म्हणून ही उचल टळते. या सर्वसमावेशकतेची किंमत मात्र आहे: संकलकाने विशिष्ट मोनॅडसाठी स्वतंत्र प्रत घडवली नाही, तर कराराची माहिती प्रत्येक हाकेसोबत वाहून न्यावी लागते आणि वेग मंदावतो. यासाठी ग्रंथालयकाराने अशा फलनांवर विशेषीकरणाच्या सूचना लिहिणे आवश्यक ठरते.

आवश्यक तेवढेच मागणे हे ग्रंथालयकाराचे कर्तव्य होय, कारण त्याने मागितलेली प्रत्येक जादा क्षमता वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य कमी करते. तथापि मागाची उपमा येथे एका ठिकाणी अपुरी पडते. तयार कापड हाताचे की विजेचे हे सामान्य ग्राहकाला सहज ओळखता येत नाही, आणि म्हणूनच भारतात २००६ साली हातमागाच्या कापडासाठी 'हँडलूम मार्क' ही वेगळी खूणचिठ्ठी सुरू करावी लागली. हॅस्केलमध्ये ही चिठ्ठी विणीतच असते: फलन एकच असले तरी ते जेथे वापरले जाते तेथील प्रकार ही गणना शुद्धतेत संपली की जगापर्यंत पोहोचली हे स्पष्ट सांगतो. अवस्थेचे थर एकमेकांवर कोणत्या क्रमाने चढवावेत, आणि क्रम बदलल्यास अर्थ का बदलतो, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.